भौतिकोपचार व्यवसायातील कर्मचारी-उत्पादकता आणि व्यावसायिक नीतिमत्ता : अमेरिकेतील शुश्रूषा केंद्रांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा :

आरोग्यसेवेचा वाढता खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी कर्मचाऱ्यांची उत्पादकता मोजणे ही सर्वच संस्थांची गरज बनली आहे. परंतु भौतिकोपचारासारख्या व्यवसायात उत्पादकता केवळ आकारणीयोग्य मिनिटांत मोजली गेल्यास रुग्णाला किती व कोणता उपचार द्यावा हा निर्णय तज्ज्ञाच्या हातून निसटू शकतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील शुश्रूषा केंद्रांचे उदाहरण घेऊन उत्पादकतेचे गणित, मोबदल्याच्या पद्धतीचा त्यावरील परिणाम, व्यावसायिक आचारसंहितेची भूमिका आणि नैतिक पेचप्रसंगांचे विश्लेषण यांचे विवेचन केले आहे. २०१९ मधील मोबदला-पद्धतीच्या बदलातून मिळणारा बोध व महाराष्ट्रातील पदवीधरांच्या दृष्टीने त्याचे महत्त्वही स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : भौतिकोपचार, उत्पादकता, व्यावसायिक निर्णय, आचारसंहिता, मेडिकेअर, नैतिक क्लेश.

प्रस्तावना :

भौतिकोपचार म्हणजेच फिजिओथेरपी हा रुग्णाच्या हालचालीशी आणि पर्यायाने त्याच्या स्वावलंबनाशी निगडित असलेला व्यवसाय आहे. पक्षाघातानंतर पुन्हा पाऊल टाकणे, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर खुर्चीतून उठणे, दीर्घ आजारानंतर स्वतःच्या हाताने जेवणे या गोष्टी रुग्णाच्या दृष्टीने आयुष्याचा दर्जा ठरविणाऱ्या असतात. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगता येते. व्यायामाची मात्रा मात्र रुग्णाच्या त्या दिवशीच्या प्रकृतीकडे पाहून, क्षणोक्षणी निर्णय घेऊन ठरवावी लागते. हा निर्णय घेण्याची क्षमता हेच भौतिकोपचारतज्ज्ञाचे खरे भांडवल होय.

अमेरिकेत या व्यवसायाची संघटना १९२१ मध्ये मेरी मॅकमिलन यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. १९३५ मध्ये संघटनेने पहिली आचारसंहिता स्वीकारली, तेव्हा निदान आणि उपचारयोजना हे डॉक्टरांचे अधिकारक्षेत्र मानले जात होते. पुढील आठ दशकांत परिस्थिती पालटली. अभ्यासक्रम डॉक्टरेटच्या पातळीपर्यंत पोहोचला आणि २०१५ पर्यंत सर्व पन्नास राज्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात रुग्णाला डॉक्टरांच्या चिठ्ठीविना थेट भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची मुभा मिळाली. अशा रीतीने स्वायत्तता मिळत असतानाच, अनेक संस्थांमध्ये दैनंदिन उपचाराची मात्रा संगणकावरील टक्केवारीने ठरू लागली. हा विरोधाभास समजून घेणे आवश्यक आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) भौतिकोपचारातील उत्पादकतेची संकल्पना व तिचे गणित स्पष्ट करणे.
२) मोबदल्याची पद्धत आणि उत्पादकतेचा दबाव यांतील संबंध तपासणे.
३) या दबावातून निर्माण होणाऱ्या नैतिक प्रश्नांचे स्वरूप व आचारसंहितेची भूमिका मांडणे.
४) संस्था व व्यावसायिक यांच्यासाठी व्यवहार्य उपाय सुचविणे.

उत्पादकता : संकल्पना आणि गणित

उद्योगक्षेत्रात उत्पादकता म्हणजे वापरलेल्या साधनांच्या तुलनेत मिळालेले उत्पादन. भौतिकोपचारात या संकल्पनेला एक अतिशय सोपे रूप देण्यात आले आहे : कर्मचाऱ्याने दिवसभरात केलेल्या आकारणीयोग्य उपचाराच्या मिनिटांना त्याला पगार दिलेल्या मिनिटांनी भागावयाचे आणि शंभराने गुणावयाचे. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटे. संस्थेने ८५ टक्के उद्दिष्ट ठरविले असेल तर ४०८ मिनिटे उपचार झाला पाहिजे व इतर सर्व कामांसाठी ७२ मिनिटे उरतात. उद्दिष्ट ९० टक्के झाल्यास ४८ मिनिटे आणि ९५ टक्के झाल्यास केवळ २४ मिनिटे उरतात.

या उरलेल्या वेळात काय काय बसवावे लागते हे पाहिले म्हणजे आकड्यांचा अर्थ कळतो. रुग्णाच्या खोलीपर्यंत जाणे, तो स्नानगृहात असल्यास थांबणे, परिचारिकेकडून रात्रीची हकीकत समजून घेणे, नातेवाइकांशी बोलणे, चाकाची खुर्ची वा वॉकर दुरुस्त करून घेणे, सहायकाला मार्गदर्शन करणे, नोंदी लिहिणे आणि स्वतः पाणी पिणे या सर्वांचा हिशेब त्यातच होतो. यांपैकी बहुतेक कामे रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक आहेत. तथापि ती आकारणीयोग्य नसल्यामुळे वरील सूत्रात त्यांची गणना 'अनुत्पादक' वेळेत होते. म्हणून अनेक ठिकाणी रुग्ण व्यायाम करीत असतानाच शेजारी बसून संगणकावर नोंदी करण्याची पद्धत रूढ झाली. तज्ज्ञाची नजर रुग्णाच्या पावलांवर असावी की पडद्यावर, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

याशिवाय बाह्यरुग्ण विभागात मेडिकेअरचा 'आठ मिनिटांचा नियम' लागू होतो. उपचाराचे एकक पंधरा मिनिटांचे असले तरी ८ ते २२ मिनिटांच्या उपचारास एक एकक, २३ ते ३७ मिनिटांस दोन, ३८ ते ५२ मिनिटांस तीन अशी आकारणी होते. म्हणजे बाविसावे आणि तेविसावे मिनिट यांत रुग्णाच्या प्रकृतीच्या दृष्टीने काहीही फरक नसतो, परंतु देयकाच्या दृष्टीने एका संपूर्ण एककाचा फरक असतो. अशा सीमारेषेवर उभ्या असलेल्या व्यक्तीला घड्याळाकडे पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

मोबदल्याची पद्धत आणि मिनिटांचे वर्चस्व

अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर ही शासकीय विमा योजना आहे. रुग्णालयातील उपचारानंतर पात्र रुग्णाला शुश्रूषा केंद्रात राहून पुनर्वसन घेता येते आणि त्याचा खर्च ठराविक मर्यादेत, जास्तीत जास्त १०० दिवसांपर्यंत, ही योजना उचलते. पूर्वी केंद्रांना प्रत्यक्ष खर्चाच्या आधारे पैसे मिळत. १९९७ च्या अर्थसंकल्प समतोल कायद्यानंतर, १९९८ पासून, दररोजचा ठराविक दर देण्याची पद्धत सुरू झाली. हा दर रुग्ण कोणत्या 'संसाधन-वापर गटात', म्हणजे आर.यू.जी. श्रेणीत बसतो यावर अवलंबून असे आणि पुनर्वसनाच्या रुग्णांची श्रेणी प्रामुख्याने त्यांना आठवड्यात मिळालेल्या उपचाराच्या मिनिटांवरून ठरत असे.

या श्रेण्यांच्या किमान मर्यादा अशा होत्या : निम्न श्रेणीस ४५ मिनिटे, मध्यम श्रेणीस १५०, उच्च श्रेणीस ३२५, अतिउच्च श्रेणीस ५०० आणि सर्वोच्च श्रेणीस ७२० मिनिटे. भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि वाचा-भाषा उपचार या तिन्ही शाखांची मिनिटे एकत्र धरली जात. रुग्णाच्या पहिल्या तपासणीस लागलेला वेळ मात्र यात धरला जात नसे. ज्या वेळी तज्ज्ञ सर्वाधिक विचार करतो तोच वेळ या पद्धतीत मोलाचा ठरला नाही, ही बाब लक्षणीय आहे.

मोबदला मर्यादेच्या पायरीवर अवलंबून असला म्हणजे उपचारही त्या पायरीवर येऊन थांबतो. मेडिकेअरचे प्रशासन करणाऱ्या संस्थेने मार्च २०१६ मध्ये २०१३ सालची आकडेवारी प्रसिद्ध केली. तीनुसार अतिउच्च श्रेणीतील ५१ टक्के मूल्यमापनांत उपचाराची मिनिटे ५०० ते ५१० यांच्या दरम्यान होती, तर सर्वोच्च श्रेणीतील ६५ टक्के मूल्यमापनांत ती ७२० ते ७३० यांच्या दरम्यान होती. लाखो वृद्ध रुग्णांच्या वय, आजार आणि ताकद यांत विलक्षण विविधता असते. त्यांची खरी गरज नेमकी किमान मर्यादेच्या दहा मिनिटांच्या आत यावी, हे वैद्यकीय कारणांनी समजावून सांगणे कठीण आहे. त्याआधी नोव्हेंबर २०१२ मध्ये आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालाने २००९ मधील केंद्रांच्या एक चतुर्थांश देयकांत चुका असल्याचे व त्यामुळे सुमारे दीडशे कोटी डॉलर अयोग्यरीत्या दिले गेल्याचे नमूद केले होते.

पुष्कळ केंद्रे उपचाराचे काम कंत्राटी कंपन्यांकडे सोपवीत असत. कंपनीचा नफा हा आकारलेली मिनिटे आणि कर्मचाऱ्यांचा पगार यांतील अंतरावर अवलंबून असल्याने एकीकडे रुग्णामागील मिनिटे वाढविण्याचा आणि दुसरीकडे पगाराची मिनिटे घटविण्याचा दबाव निर्माण झाला. वर सांगितलेली टक्केवारी ही या दोन्ही दबावांना जोडणारा दुवा होय.

एका कल्पित उदाहरणाचा विचार

हा दबाव प्रत्यक्षात कसा काम करतो हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ८२ वर्षांच्या एका आजींच्या खुब्याचे हाड मोडल्याने शस्त्रक्रिया झाली आहे. आर.यू.जी. पद्धती लागू असतानाच्या काळात त्या शुश्रूषा केंद्रात दाखल आहेत व त्यांच्यासाठी तिन्ही शाखा मिळून आठवड्यास नेमकी ७२० मिनिटे आखलेली आहेत. शुक्रवार हा आठवड्याचा शेवटचा दिवस असून भौतिकोपचाराची ६५ मिनिटे व्हावयाची आहेत. चाळीस मिनिटांनंतर आजींना उभे राहताच चक्कर येते, रक्तदाब उतरतो. त्या म्हणतात, "आज पुरे."

व्यावसायिक निर्णय स्पष्ट आहे : थांबावे, परिचारिकेस कळवावे, कारण शोधावे. परंतु थांबल्यास २५ मिनिटे कमी पडतात. आठवड्याची बेरीज ६९५ होते आणि रुग्ण सर्वोच्च श्रेणीतून एक पायरी खाली येतो. केंद्राचा दररोजचा दर घटतो. त्याच वेळी तज्ज्ञाची स्वतःची त्या दिवसाची ४०८ मिनिटांची बेरीज ३८३ वर येते, म्हणजे उत्पादकता ८५ वरून जेमतेम ८० टक्क्यांवर उतरते व सोमवारी त्याबद्दल विचारणा होते. परिचारिकेशी झालेले बोलणे आणि रक्तदाबाची पुन्हा केलेली तपासणी यांची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

येथे तज्ज्ञासमोर अनेक वाटा असतात. आजींना खुर्चीत बसवून उरलेली पंचवीस मिनिटे हातापायांच्या निरुपयोगी हालचाली करवून घेता येतात. त्या विश्रांती घेत असताना त्यांच्याजवळ बसून तो वेळ उपचार म्हणून नोंदविता येतो. दुसऱ्या रुग्णाला शेजारी बसवून दोघांचा वेळ मोजता येतो. किंवा चाळीस मिनिटे लिहून, कारण नमूद करून बाहेर पडता येते. शेवटचा मार्ग प्रामाणिक आहे, पण त्याचीच किंमत तज्ज्ञाला मोजावी लागते. ज्या व्यवस्थेत योग्य वर्तनाची शिक्षा होते आणि अयोग्य वर्तन अहवालात उत्तम दिसते, त्या व्यवस्थेतील दोष केवळ व्यक्तीच्या चारित्र्यावर ढकलता येत नाही.

आचारसंहितेची भूमिका

अमेरिकेतील भौतिकोपचार संघटनेने २००९ मध्ये संमत केलेली आणि १ जुलै २०१० पासून अमलात आलेली आचारसंहिता आठ तत्त्वांची होती. रुग्णाचे हित सर्वोपरी मानावे, व्यावसायिक निर्णयाची जबाबदारी स्वतः घ्यावी, निर्णयात अडथळा आणणारे हितसंबंधांचे संघर्ष टाळावेत, सत्यनिष्ठ असावे ही अपेक्षित तत्त्वे तीत होतीच. परंतु सातवे तत्त्व विशेष महत्त्वाचे होते. रुग्णांच्या व समाजाच्या हिताची ठरेल अशी संस्थात्मक वर्तणूक व व्यवहारपद्धती यांना चालना देणे हे व्यावसायिकाचे कर्तव्य असल्याचे त्यात सांगितले होते. म्हणजेच स्वतः खोटी नोंद न करणे एवढ्यावर कर्तव्य संपत नाही. ज्या वातावरणात खोटी नोंद करावीशी वाटते ते वातावरण बदलण्याचा प्रयत्न करणे हाही कर्तव्याचा भाग ठरतो. आठव्या तत्त्वात सेवांचा गरजेपेक्षा अधिक आणि गरजेपेक्षा कमी, असा दोन्ही प्रकारचा वापर टाळण्यास सांगितले होते. या दुहेरी इशाऱ्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

२०१४ मध्ये भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि वाचा-भाषा उपचार या तिन्ही व्यवसायांच्या राष्ट्रीय संघटनांनी संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. उपचाराचे प्रमाण प्रशासकीय आदेशाने नव्हे तर तज्ज्ञाच्या निर्णयाने आणि रुग्णाच्या गरजेनुसार ठरावे, असा त्याचा आशय होता. तीन स्वतंत्र व्यवसायांना एकत्र येऊन ही मूलभूत गोष्ट पुन्हा सांगावी लागली, यावरून प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते.

नैतिक प्रसंगांचे विश्लेषण

नैतिक प्रश्नांचे विश्लेषण करण्यासाठी स्विशर, अर्सलानियन आणि डेव्हिस यांनी २००५ मध्ये मांडलेली पद्धत उपयुक्त आहे. तीत प्रथम प्रश्न कोणत्या क्षेत्रातला आहे हे पाहतात : व्यक्तीच्या, संस्थेच्या की समाजाच्या. त्यानंतर व्यक्तीची नैतिक प्रक्रिया कोठे अडते हे तपासतात : प्रश्न जाणवण्याच्या टप्प्यावर, योग्य-अयोग्य ठरविण्याच्या टप्प्यावर, इतर हेतूंपेक्षा नीतीला अग्रक्रम देण्याच्या टप्प्यावर, की कृती करण्याच्या धैर्याच्या टप्प्यावर. शेवटी प्रसंगाचा प्रकार ठरवितात. दोन योग्य गोष्टींत निवड करावी लागणे हा पेच. योग्य आणि फायदेशीर यांत निवड करावी लागणे हा मोह. योग्य काय ते कळूनही बाह्य अडथळ्यामुळे करता न येणे हा क्लेश. आणि सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलत नाही ते मौन.

'नैतिक क्लेश' ही संकल्पना अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचर्या क्षेत्राच्या संदर्भात मांडली होती. वरील उदाहरणातील तज्ज्ञाला ती तंतोतंत लागू पडते. त्याला प्रश्न जाणवला आहे, उत्तरही ठाऊक आहे. अडथळा संस्थेत आहे. अशा प्रसंगी त्याला नीतिशास्त्राचे आणखी एक प्रशिक्षण देऊन फारसे साधत नाही. परंतु क्लेश दीर्घकाळ टिकला तर दोनपैकी एक गोष्ट घडते. तज्ज्ञ थकून नोकरी सोडतो, अथवा हळूहळू त्याला प्रश्न जाणवणेच बंद होते आणि आठ-दहा मिनिटांची वाढीव नोंद ही 'इथली पद्धत' बनते. दुसरी शक्यता अधिक घातक आहे, कारण नव्याने रुजू झालेले पदवीधर तीच पद्धत शिकतात.

अनुभवजन्य संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. टेक्सास राज्यातील परवानाधारक भौतिकोपचारतज्ज्ञ व सहायक यांच्या सर्वेक्षणावर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्पादकतेचे उद्दिष्ट जेथे उंच आणि संस्थेचे नैतिक वातावरण जेथे दुबळे, तेथे अनैतिक वर्तन अधिक वेळा पाहण्यात आल्याचे उत्तरदात्यांनी सांगितले. शुश्रूषा केंद्रांत हे प्रमाण अधिक होते. अशा सर्वेक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही वातावरण हा घटक उद्दिष्टाइतकाच महत्त्वाचा आहे, हा त्यातून मिळणारा संकेत मोलाचा आहे.

कायद्याची चौकट

शासनाकडे खोटी देयके सादर करण्याविरुद्धचा अमेरिकेतील कायदा १८६३ सालचा, म्हणजे यादवी युद्धाच्या काळातील आहे. या कायद्यान्वये गैरव्यवहाराची माहिती असलेली खासगी व्यक्ती शासनाच्या वतीने दावा दाखल करू शकते व वसुलीचा काही हिस्सा तिला मिळतो. नोकरीत सूड उगविला गेल्यास तिला संरक्षणही आहे.

जानेवारी २०१६ मध्ये रीहॅबकेअर ही कंत्राटी उपचार कंपनी व तिची पालक कंपनी किंड्रेड हेल्थकेअर यांनी १२.५ कोटी डॉलर देऊन अशा दाव्यात तडजोड केली. रुग्णांना वैयक्तिक मूल्यमापनाविना सर्वोच्च श्रेणीत टाकणे, मूल्यमापनाच्या कालावधीपुरता उपचार वाढविणे, मिनिटांचे अंदाजे व पूर्णांकी आकडे लिहिणे, झोपलेल्या रुग्णांस उपचार दिल्याची नोंद करणे असे शासनाचे आरोप होते. हा दावा प्रथम दाखल करणाऱ्या दोन व्यक्ती अनुक्रमे भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार या शाखांतील होत्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये लाइफ केअर सेंटर्स ऑफ अमेरिका या केंद्रसाखळीने १४.५ कोटी डॉलरची तडजोड केली. तडजोडींमुळे या आरोपांवर न्यायालयीन निवाडा झाला नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. तरीही दोन गोष्टी स्पष्ट होतात. नोंदीखालची स्वाक्षरी ही कायदेशीर साक्ष असते. आणि हे प्रकार उघडकीस आणणारे लोक व्यवसायाच्या आतलेच होते.

२०१९ चा बदल आणि त्यातील बोध

१ ऑक्टोबर २०१९ पासून मेडिकेअरने शुश्रूषा केंद्रांसाठी पी.डी.पी.एम. ही नवी पद्धत लागू केली. या पद्धतीत दर उपचाराच्या मिनिटांवरून न ठरता रुग्णाचे निदान, कार्यक्षमता व इतर लक्षणे यांवरून ठरतो. समूहाने व एकाच वेळी दोघांना दिलेल्या उपचारावर एकत्रितपणे २५ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. आता मिनिटे वाढविण्यात केंद्राचा लाभ राहिला नाही; उलट ती खर्चाची बाब बनली.

परिणाम तत्काळ दिसला. प्रशासनाच्याच आकडेवारीनुसार पूर्वी रुग्णामागे दररोज सरासरी सुमारे ९१ मिनिटे उपचार होत असे. नव्या पद्धतीत, कोविड साथीच्या आधीच्या महिन्यांतच, ते प्रमाण सुमारे ६२ मिनिटांवर आले. उपचार कर्मचाऱ्यांची संख्याही घटली. एका रात्रीत रुग्णांच्या गरजा एक तृतीयांशाने कमी झाल्या, असे कोणीही म्हणणार नाही. तेव्हा दोहोंपैकी एक तरी आकडा गरजेशी जुळणारा नव्हता, कदाचित दोन्ही नव्हते. पडणे वा पुन्हा रुग्णालयात दाखल होणे यांसारख्या ढोबळ निर्देशकांत मोठा फरक पडला नाही, असे प्रशासनाचे निरीक्षण होते. त्यावरून आधीची काही मिनिटे अनावश्यक होती असा तर्क करता येतो. परंतु रुग्ण किती स्वावलंबी होऊन घरी परतला, हा सूक्ष्म प्रश्न अशा निर्देशकांतून पूर्णपणे सुटत नाही.

येथे आचारसंहितेतील दुहेरी इशारा आठवतो. पूर्वी मोह अतिवापराकडे होता, आता तो अल्पवापराकडे आहे. पूर्वी तज्ज्ञाला "अजून पंचवीस मिनिटे का नाहीत?" असे विचारले जाई, आता "एवढी मिनिटे कशासाठी?" असे विचारले जाण्याची शक्यता आहे. प्रश्न उलटा झाला, पण विचारणारा तोच राहिला. मोबदल्याचे सूत्र बदलल्याने दबावाची दिशा बदलते. व्यावसायिक निर्णयाला संस्थेत मान मिळेलच, असे मात्र नाही. टक्केवारीची उद्दिष्टेही २०१९ नंतर नाहीशी झाली नाहीत.

उत्पादकतेची दुसरी बाजू

याचा अर्थ उत्पादकतेची मोजणी हीच अनैतिक आहे असा नव्हे. मेडिकेअरचा पैसा हा करदात्यांचा पैसा आहे. एखादा तज्ज्ञ वेळ वाया घालवीत असेल तर त्याची किंमत प्रतीक्षायादीतील रुग्ण मोजतो. न्याय हेही आरोग्यनीतीचे एक मूलतत्त्व आहे व उपलब्ध साधने अधिकाधिक गरजूंपर्यंत पोहोचविणे हा त्याचाच भाग आहे. आपत्ती मोजण्यात नसून चुकीची गोष्ट मोजण्यात आणि त्या मापालाच उद्दिष्ट करण्यात आहे. शिक्षकाची गुणवत्ता केवळ घेतलेल्या तासिकांवरून ठरविली तर तासिका भरतील, विद्यार्थी शिकेलच असे नाही. तसेच येथेही घडते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्व

मुंबईच्या केईएम रुग्णालयात गेल्या शतकाच्या पन्नाशीत भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले आणि आज राज्यभर या विषयाची महाविद्यालये आहेत. येथील पदवीधर परवाना परीक्षा देऊन अमेरिकेत नोकरीस जातात. त्यांपैकी जे एच-१बी व्हिसावर असतात, त्यांचा तेथील मुक्काम नोकरी देणाऱ्या संस्थेशी बांधलेला असतो. नोकरी सुटल्यास दुसरी व्यवस्था करण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. शैक्षणिक कर्ज, कुटुंब आणि व्हिसा डोक्यावर असताना "ही नोंद मी करणार नाही" असे म्हणण्याची किंमत स्थानिक सहकाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असते. परदेशी जाण्यापूर्वी परीक्षेच्या तयारीबरोबरच या वास्तवाचीही तयारी होणे म्हणूनच गरजेचे आहे.

आपल्याकडील व्यवहार वेगळा आहे. येथे बहुधा प्रत्येक बैठकीमागे शुल्क घेतले जाते, त्यामुळे मोह मिनिटे वाढविण्याचा नसून बैठका लांबविण्याचा असू शकतो. खासगी रुग्णालयांच्या साखळ्या व गृहसेवा देणाऱ्या कंपन्या वाढत असताना उद्दिष्टांची भाषा येथेही रुळणे अशक्य नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग कायद्याने भौतिकोपचारासह अनेक व्यवसायांच्या शिक्षण व आचारसंहितेचे नियमन राष्ट्रीय पातळीवर आणले आहे. नियम घडत असतानाच संस्थात्मक दबावाचा विचार त्यात अंतर्भूत होणे हिताचे ठरेल.

उपाययोजना

१) मापन व्यापक करावे. मिनिटांबरोबर रुग्णाच्या कार्यक्षमतेतील सुधारणा, घरी परतण्याचे प्रमाण आणि उपचार थांबविण्याची नोंदविलेली कारणे यांचाही विचार व्हावा.
२) नातेवाइकांचे प्रशिक्षण, सहकाऱ्यांशी विचारविनिमय आणि नोंदी यांना उत्पादक काम मानून त्यांसाठी वेळ राखून ठेवावा.
३) उद्दिष्ट एका ठाम आकड्याऐवजी टप्प्याच्या स्वरूपात असावे आणि विभागातील रुग्णांचे स्वरूप पाहून कर्मचाऱ्यांच्या सहभागाने ठरवावे.
४) वैद्यकीय कारणाने उपचार कमी केल्यास त्याचा परिणाम कर्मचाऱ्याच्या मूल्यमापनावर होऊ नये, असा लेखी नियम असावा.
५) व्यावसायिकाने प्रत्यक्ष मिनिटे, थांबण्याचे कारण आणि कळविलेल्या व्यक्तीचे पद यांची नोंद त्याच दिवशी करावी. दबाव आल्यास प्रथम वरिष्ठांकडे स्पष्टीकरण मागावे, नंतर संस्थेच्या नियमपालन विभागाकडे व आवश्यक तेव्हा परवाना मंडळाकडे जावे.
६) नोकरीच्या मुलाखतीत उद्दिष्ट किती, त्यात कोणती कामे मोजली जातात, ते न गाठल्यास काय होते आणि उपचाराचे प्रमाण कोण ठरविते हे प्रश्न विचारावेत. उत्तरे टाळली गेली तर तेही एक उत्तर समजावे.
७) महाविद्यालयीन अभ्यासक्रमात नीतिशास्त्र शिकविताना रुग्ण व तज्ज्ञ यांच्यातील संबंधांपुरते न थांबता संस्था, देयक आणि कायदा यांवरील प्रसंगांची चर्चा घडवावी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. आकारणीयोग्य मिनिटांची टक्केवारी हे कामाचे प्रमाण सांगते, परंतु रुग्णाच्या लाभाचे प्रमाण सांगत नाही. मोबदला मिनिटांवर असताना उपचार मर्यादेच्या पायरीवर स्थिरावला आणि मोबदला बदलताच तो घटला. दोन्ही वेळी निर्णायक ठरला तो पैशाचा प्रवाह. हा प्रश्न व्यक्ती, संस्था आणि समाज या तिन्ही क्षेत्रांत पसरलेला असल्याने केवळ व्यक्तीकडून धैर्याची अपेक्षा करणे अपुरे व अन्यायकारक आहे. मात्र संस्थेचे नियम कसेही असोत, रुग्णाच्या नाडीवर बोट असलेली व्यक्ती एकच असते. "आज पुरे" असे म्हणणाऱ्या आजींचे ऐकण्याचा अधिकार त्या व्यक्तीपाशी राहिला, तरच भौतिकोपचार हा व्यवसाय या संज्ञेस पात्र राहील.